हातोडीवाला देव

परदेशातल्या त्या शहरात दर मंगळवारी म्युझियम फुकट असतं, म्हणून सिद्धेश ऑफिसला जाताना आईला, प्रतिमाकाकूंना, तिथे सोडायचा आणि येताना घेऊन जायचा. काकू थेट एका काचेच्या कपाटापुढे जाऊन उभ्या राहायच्या. आत वीतभर उंचीचा ब्राँझचा देव होता, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात गडू. फ्रान्समधल्या प्राचीन गॉल लोकांचा हा देव, त्याला पूजणारं आता कोणीच उरलेलं नाही, असं पाटीवर लिहिलं होतं. काकू बूट काढून हात जोडायच्या आणि विचारायच्या, "काय रे, जेवलास का? तुला इकडे कोणी आणलं?"

या मंगळवारी नेहमीचा गार्ड जवळ आला. "मॅम, उद्यापासून हा इथे दिसणार नाही. वर जागा लागतेय, म्हणून त्याला बेसमेंटमध्ये हलवतायत. पण डोन्ट वरी, खाली हीटिंग आहे, सगळी सोय आहे."

काकूंनी मान डोलावली. मग काचेला नाक लागेल इतकं वाकून त्या हळूच म्हणाल्या,

 

"घाबरू नकोस हं. सिद्धेशच्या बेसमेंटमध्ये मला दोन वर्षं झाली. पहिला हिवाळाच तेवढा जड जातो."