गच्चीवरची नावं

"आई, हमदीच्या आईचं नाव काय गं?"

विचारलं आणि कनावी मास्तर स्वतःच लाजले. चाळिशी उलटलेला बाप्या, आणि शेजारणीचं नाव विचारतोय! गच्चीवर ऊन सांडलं होतं. खाली नाईल झोपेत चालल्यासारखी वाहत होती. आई आंबवलेल्या पिठाचे भाकरीचे गोळे उन्हात फुगायला मांडत होती. तिचा हात थांबला.

"कशाला रे? कुणी गेलं का?"

"नाही गं. पुस्तकात हवंय."

सकाळीच कैरोहून प्रकाशिका इज्लालबाईंचा फोन आला होता. "मास्तर, तुमचे पुरुष सगळे वेगवेगळे कळतात. बायका मात्र ह्याची आई, त्याची आई! रडली कोण, पळाली कोण, माझा तर पार गोंधळ उडाला. सातही जणींना नावं द्या. नाहीतर छापणं अवघड आहे."

दहा वर्षं खपून लिहिलेली कादंबरी! पण नावं आणायची कुठून? ह्या गावात बाई गेल्याशिवाय तिचं नाव चारचौघांत घेत नाहीत. मनाने ठेवलेली नावं त्या बायकांना चिकटेनात. लहानपणी शाळेत एका पोराने छोट्या कनावीच्या आईचं नाव मोठ्याने घेतलं, तर कनावीने त्याचा दात पाडला होता. ते नाव त्यांनी स्वतःही कधी उच्चारलं नव्हतं.

आई गालातल्या गालात हसली. एक गोळा मांडला. "हमदीची आई म्हणजे वहीबा." दुसरा मांडला. "पलीकडची झन्नूबा. नावाने हाक मारली की अजून लाजते, मेली!" मग साबरिया आली, इन्साफ आली, नरगिस आली. कबुतरं घुमत होती. मास्तरांना वाटलं, गच्ची हळूहळू पोरींनी भरत चाललीय. ह्या बायका कधीकाळी पोरी होत्या, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आता कादंबरीतल्या दोघीच उरल्या. एक नवऱ्याची वाट बघत शेवटपर्यंत दाराशी बसून राहणारी. दुसरी पेटती भट्टी तशीच सोडून पहाटे होडीत बसते आणि मागे वळूनही बघत नाही. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनीच तिला सगळं वाचून दाखवलं होतं. होडीचा भाग तिने पुन्हा वाचायला लावला होता. त्या बाईचं वागणं तिला पटलं नसेल, असं मास्तर धरून चालले होते.

"आई, ती दाराशी बसते ना, सगळ्यात चांगली," मास्तर म्हणाले, "तिला तुझं नाव देतो. नव्वारा."

आयुष्यात पहिल्यांदा ते नाव त्यांच्या तोंडून निघालं. आईने पिठाचे हात पुसले. ती नदीकडे वळली.

"तिला कशाला, बाळा? दाराशी तर मी आहेच," ती म्हणाली. "होडीतल्या बाईला दे."