समुद्राकडे पाठ

“तोंडानं सांगायचं नाही, बोटानं दाखवायचं नाही. आणि त्यांच्या हाडांना कधी ऊन लागू द्यायचं नाही. घे शपथ.”

टूटूचा, म्हणजे आजीचा, हा आवाज पन्नास वर्षं हिनानोच्या कानात होता. आत्ताही होता. दारात तिचा धाकटा भाऊ कानोआ अंगावरच्या कपड्यांनिशी निथळत उभा होता. समुद्रात बुडी मारून आला होता. मेलेल्याला शिवून आलेला माणूस तसाच घरी येतो.

“किती?” तिनं विचारलं.

“नऊ.” तो उंबऱ्यातच बसला, आत आला नाही. “त्यात एक लेकरू. माझ्याच पोकलेनच्या बकेटमधून आलं, ताई. मला वाटलं करवंटी आहे. बाजूला टाकणार होतो.”

हिनानोनं कुटायला घेतलेला तारोचा कंद परत टोपलीत ठेवला.

वाळूच्या टेकडीवर हॉटेल व्हायचं होतं. गेल्या वर्षी सुनावणी झाली तेव्हा अधिकारी बाईंनी गावातल्या एकेका जुन्या घराला विचारलं होतं, “इथं तुमचं कुणी पुरलंय का? नकाशावर खूण करा, तेवढी जागा सोडू.” हिनानोला एकूण एक जागा पाठ होती. रोज पहाटेच्या प्रार्थनेत ती मनातल्या मनात त्या टेकडीवरून फिरून यायची. पण दिलेला शब्द तो शब्द. ती म्हणाली, “मला माहीत नाही.” ते तसंच कागदावर उतरलं. खोटं बोलल्याची तिनं देवाजवळ क्षमा मागितली आणि शब्द पाळला म्हणून गाढ झोपली.

कानोआला यातलं काही ठाऊक नव्हतं. “याच्या तोंडात तीळ भिजत नाही,” म्हणत टूटू त्याच्या हातावर भाजलेलं रताळं ठेवायची, त्याला पिटाळायची आणि टेकडीवर फक्त हिनानोला बरोबर न्यायची. रविवारी चर्चमधून आली की म्हातारी केवड्याच्या पानांची चटई काखेत मारून टेकडीवर जायची. एका जागी बसायची, तीही समुद्राकडे पाठ करून. “टूटू समुद्रावर रुसली!” कानोआ ओरडायचा आणि पोरं हसायची. ऊस कंपनीचे मोजणीवाले साखळ्या घेऊन यायचे, म्हातारी बसलेली दिसली की टोपी काढायचे आणि वळसा घालून जायचे. ती हूं की चूं करायची नाही.

हॉटेलच्या कामावर पोकलेन चालवायला कानोआलाच घेतलं, तेव्हा हिनानोनं एकदाच म्हणून पाहिलं होतं. “दुसरीकडे बघ ना कुठं.”

“का?”

“उगाच. उन्हात काळा पडशील.”

“आता आणखी कुठला पडतोय!” तो हसला होता. याहून जास्त अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

“आता कुठं आहेत ते?” तिनं उंबऱ्यात बसलेल्या भावाला विचारलं.

“ताडपत्रीवर. मोजमापं चाललीयत. दुपारभर उन्हात पडलेत.”

ऊन. हिनानोनं डोळे मिटून घेतले.

“ताई.” कानोआचा आवाज लहान झाला. “तुला माहीत होतं.”

ती काही बोलली नाही. टूटूच्या गप्प राहण्यासारखंच होतं ते, त्याला लगेच ओळखू आलं.

“मला एक शब्द बोलली असतीस तर मी बकेट तिथं टेकवलीच नसती. सगळ्या बेटात मीच सापडलो का गं आपली माणसं उकरायला?”

हिनानोनं टॉवेल आणून त्याच्या खांद्यावर टाकला. त्यानं अंग पुसलं नाही.

“आणि उद्या?” तिनं विचारलं.

“सापडलं तेवढ्याला दोरी बांधलीय. उद्या झुडपांपलीकडची बाजू. तिथं काही नाही म्हणतात, कागदावर तसं आहे.” त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. “मी नाही बसलो तर दुसरा बसेल मशीनवर.”

कागदावर तसं होतं, कारण तिनंच तसं सांगितलं होतं. झुडपांपलीकडे टूटूची आई होती.

सकाळी हिनानोनं प्रार्थना म्हटली. मग स्टुलावर चढून माळ्यावरची चटई काढली. कडेला विरली होती, पण वीण धरून होती. कानोआ कामाचे बूट चढवत होता.

“चटई कशाला? कुठं निघालीस, ताई?”

तिनं तोंड उघडलं नाही. बोट केलं नाही. चटई काखेत मारली आणि टेकडीची वाट धरली. दोनदा थांबली, भाऊ मागून येतोय ना एवढं पाहिलं. मशीनला वळसा घालून ती झुडपांपलीकडे गेली, एका जागी चटई अंथरली आणि समुद्राकडे पाठ करून बसली.