शिकवणारी

छप्पन साली, माघात, चंपत माळी आपल्या लेकीचं, पंचफुलाचं नाव कमी करायला गावच्या शाळेत आला.

"वर्गात पहिली येते ती," गुरुजी काकुळतीनं म्हणाले. "चौथीची परीक्षा तरी देऊ द्या, चंपतराव."

"मालेगावचे पावने लग्नाले थांबून नाई राह्यले, गुरुजी. मी तरी काय करू?"

गुरुजींनी जड हातानं अर्ज लिहिला आणि अंगठ्यासाठी शाईची गादी पुढं केली. चंपतनं ती बाजूला सारली, टाक उचलला आणि एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं.

गुरुजी पाहतच राहिले. "सही कोणी शिकवली?"



"पंचफुलानंच. लय कडक मास्तरीन हाय! म्हने, बाबा, तुले शिकवता शिकवता माहाबी अभ्यास पक्का होते."