चौदा नंबरची खुर्ची

पडद्यावरच्या कपाटातून भूत बाहेर आलं, तेव्हा चाळीसपैकी एकोणचाळीस माणसं दचकली. चौदा नंबर जागची हललीही नाही.

दुर्बीणकाकांनी तक्त्यात चौदाच्या चौकटीत शून्य टाकलं. सिनेमा बाजारात यायच्या आधी तो चाळीस अनोळखी माणसांना दाखवायचा आणि ती कुठे हसतात, कुठे घाबरतात हे टिपून ठेवायचं, हे त्यांचं काम. पडद्याखाली अंधारात बघणारा कॅमेरा असे. तसं लोकांना आधी सांगितलेलं असे, पण एकदा दिवे गेले की कुणाच्या लक्षात राहत नसे. काका शेजारच्या खोलीत बसून चाळीस करडे चेहरे न्याहाळत आणि मिनिटामिनिटाला आकडे टाकत. शून्य म्हणजे ढिम्म, पाच म्हणजे पार गाळण. कुणाची पापणी लवली तरी त्यांना कळायचं. नाव काही उगाच पडलं नव्हतं.

आज मात्र त्यांनी एक आगाऊपणा केला होता. घरच्यांना बसवायचं नाही, असा नियम होता. पण ऐन वेळी दोघांनी दांडी मारली आणि काकांनी फोन करून लेकीला आणि जावयाला बोलावून घेतलं. तेरावर जावई, चौदावर लेक.

"ही चौदा नंबर झोपली की काय?" मागून बाईंनी विचारलं. बाई म्हणजे या सिनेमाच्या दिग्दर्शिका. दुपारपासून त्या नखं कुरतडत उभ्या होत्या.

"जागी आहे," काका म्हणाले.

त्यांना मनातून हसू येत होतं. लहानपणी ही पोरगी पेलाभर पाण्यासाठी अंधाऱ्या स्वयंपाकघरात जायची नाही. लग्नाला दोन वर्षं झाली आणि आता भुतालाही भीक घालत नाही. चांगली धीट झाली, असं त्यांना वाटलं, आणि बरं वाटलं.

मग हलकाफुलका प्रसंग आला. सिनेमातला नवरा कामावरून घरी येतो. कुलपात किल्ली फिरते. तो बूट काढतो, गाणं गुणगुणतो, "राणी, कुठे आहेस?" म्हणून हाक मारतो. दाराआड लपलेली बायको त्याला उशीने बडवते. सगळे हसले. जावई तर मान मागे टाकून हसला.

चौदा नंबरचे खांदे किल्लीच्या आवाजालाच वर गेले होते. हाक ऐकून तिने श्वास रोखला. दोन्ही हातांनी तिने पर्स पोटाशी घट्ट धरली होती.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. आकडा पाचच होता.

"उलट्या डोक्याची दिसते," बाई म्हणाल्या. "बाद करा तिला. माझा सगळा तक्ता बिघडवेल."

ज्याचं मन सिनेमाशी जुळत नाही तो प्रेक्षक मोजायचा नाही, हा नियम काकांनीच घातलेला होता. आजवर कितीतरी माणसांवर त्यांनी न कचरता काट मारली होती. त्यांनी पेन्सिल उचलली.

पडद्यावर बायकोच्या हातून बशी पडून फुटली. पुन्हा हशा. काकांना दिसलं की चौदा नंबर पडद्याकडे बघतच नव्हती. ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून तेरा नंबरकडे बघत होती. जावयाने हसता हसता केस सारखे करायला हात वर केला. चौदा नंबरची मान झटकन खाली गेली, चार बोटं, आणि लगेच जागेवर आली. जावयाच्या ते गावीही नव्हतं. त्या मानेला ती सवयच होती.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. दर दुसऱ्या रविवारी ती समोर बसून जेवायची. दर वेळी ते विचारायचे, आणि ती म्हणायची, "सगळं छान आहे, बाबा." आणि ते निर्धास्त झोपायचे.

"करताय ना बाद?" बाईंनी विचारलं.

"नाही. तिचंच बरोबर आहे."

उरलेला तासभर त्यांनी बाकीच्या एकोणचाळीस जणांकडे पाहिलं नाही. सिनेमा संपला. दिवे हळूहळू उजळू लागले, तसे तिचे खांदे खाली आले, कपाळ मोकळं झालं, ओठांवर हसू आलं. काकांच्या ओळखीचा चेहरा हाच होता.

बाहेर जावयाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काय घाबरवलंत हो, बाबा! ही मात्र ढिम्म." त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. काका लेकीच्या हाताकडे बघत होते. तिची बोटं पर्सच्या पट्ट्यात रुतली.

"जावईबापू, तुम्ही पुढे व्हा," काका म्हणाले. "हिला आज मी माझ्याबरोबर नेतो."

जावयाचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांतून गेलं. "तिला विचारा की. मी गाडीपाशी थांबतो. राणी, बघ तुला काय करायचंय ते."

तो काचेच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला. जुडगा बोटाभोवती फिरत होता.

"नको, बाबा," ती म्हणाली. "ते थांबलेत. सगळं छान आहे."

काकांनी तिचं मनगट धरलं. बोलायचं खूप होतं. पण खेळ संपल्यावर ते सगळ्यांना विचारत, तेच शेवटी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"भुताला एकदाही घाबरली नाहीस. का?"

ती काचेच्या दाराकडे बघत राहिली. हसू अजून तसंच होतं.

"भूत यायच्या आधी संगीत तरी वाजतं, बाबा."