दुपारी दोनची मोजणी

"सगळे बाहेर थांबा. माणसाच्या अंगाची ऊबही यंत्राला लागते," तपासनीस म्हणाला.

खोलीत होतंच कोण? बाबांना आईने सकाळीच खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेऊन निजवलं होतं. त्यांची लेक, कंडक्टरबाई, अजून गणवेशातच होती. ड्यूटी संपताच तिने तपासनीसाला त्याच्या कचेरीच्या दारात गाठलं आणि थेट चौथ्या मजल्यावर आणलं. मधे घरमालकाने त्याला गाठायला नको.

त्याने खोलीच्या मधोमध यंत्र ठेवलं आणि दार ओढून घेतलं. अर्धा तास थांबायचं.

जिन्यात भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखं वाटत होतं. वर गच्चीला काळं डांबर. भिंतींतले झरोके मालकाने विटांनी बुजवलेले, का तर कबुतरं येतात. या उन्हाळ्यात बाबा दोनदा बेशुद्ध पडले होते. तिसऱ्यांदा पडले तर माझ्या हातात काही नसेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

नियम सोपा होता. दुपारी दोनला खोलीत चाळीस अंश भरले, की मालकाने पंधरा दिवसांत झरोके उघडायचे आणि गच्चीला पांढरा लेप द्यायचा. घरच्या तापमापकात रोज त्रेचाळीस दिसत. पण कागदावर चढायचा तो सरकारी आकडा. त्यासाठी तिने नऊ अर्ज केले होते. काल पत्र आलं, तेव्हा ड्यूटीला पळता पळता ती आईला एवढंच म्हणाली, "उद्या मोठे साहेब येणारेत आपल्याकडे."

तपासनीस आत गेला, बाहेर आला.

"पस्तीस."

"किती?"

"पस्तीस पूर्णांक दोन. तक्रार निकाली."

"साहेब, ऊन यंत्राला लागलंय की तुम्हाला?"

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई."

"मग माणूस बोलत असेल! मालकाचे जावई आहात का? माझा बाप मरतोय त्या खोलीत!"

"तोंड सांभाळा."

"रोज शंभर फुकटे पकडते मी बसमध्ये. चोराची नजर मला नवी नाही."

जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून त्याने सही ठोकली.

"पुढची मोजणी पुढच्या उन्हाळ्यात."

"तेव्हा कोणाला मोजणार? फोटोला?" ती जिन्यावरून ओरडली. खालची दारं उघडली, मिटली. तपासनीसाने मागे वळूनही पाहिलं नाही. तिने मुठीने भिंतीवर असा दणका दिला, की बोटांची सालं निघाली.

आवाज ऐकून आई धापा टाकत वर आली. चेहरा उन्हाने रापलेला, तळहातांवर फोड.

"गेले साहेब? असे उभ्या उभ्या? पाणीसुद्धा न घेता?" तिचा चेहरा पडला. "अगं, पहाटेपासून बादल्या वाहतेय मी. सगळ्या बिऱ्हाडांकडून पाणी मागून आणलं, गच्चीभर ओली पोती अंथरली, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. पसारा दिसायला नको म्हणून चादरी तुम्ही यायच्या आधी काढल्यासुद्धा. एवढा मोठा माणूस पहिल्यांदा आपल्या घरी येणार, त्याला काय उकाड्यात बसवायचं?"