जिन्याखालची जागा

घरी पहिल्यांदाच बीअर करायची, तर सगळं जागेवर अवलंबून असतं. स्वयंपाकघर गरम, न्हाणीघरात ऊन. मी बीअरच्या पिंपासाठी तळघरातला जिन्याखालचा कोपरा निवडला. मिलवॉकीच्या ऐन उन्हाळ्यातही तो गार असतो.

तिसऱ्या दिवशी पिंपाच्या झाकणावरच्या नळीत बुडबुडे वाजू लागले. टुप. टुप. मी बायकोला, मार्लिसला, मुद्दाम खाली आणलं.

"ऐक. यीस्ट टाकल्याशिवाय हा आवाज येत नाही. जागा कोणी निवडली?"

"तूच रे बाबा. आजवर एक खिळा सरळ ठोकला नाहीस, पण हे जमलं तुला."

मी अभिमानाने फुगलो. तिने धुवायला म्हणून माझा ॲप्रन उचलला. खिशातून यीस्टचं पाकीट पडलं. न फोडलेलं.

"एकच आणलं होतंस ना?"

मी हो म्हणून मान हलवली, आणि बुडबुडे थांबले, कोणी श्वास रोखून ऐकावं तसे.