विहिरीत न उतरलेला रंग

कचरा डेपोतलं पाणी जमिनीखालून कुठं जातं, हे शोधायला सुलक्षणाने निमोण्यात डेपोजवळच्या बोअरमध्ये हिरवा रंग सोडला होता. मग आठ दिवस ती गिताबाईच्या विहिरीचं पाणी तपासत होती. ते नितळच निघालं.

"मावशी, डेपोचं पाणी तुमच्या विहिरीत येत नाही. अहवालात तसंच लिहावं लागेल."

"मग आमचे मालक कशानं गेले, बाई?"

नवरा गेल्यापासून गिताबाईने विहिरीचा थेंबही तोंडात घेतला नव्हता. ती जारचंच पाणी प्यायची. तिने पदराने डोळे पुसले.

पदरावर तोच हिरवा रंग उतरला.

सुलक्षणा बघतच राहिली. गिताबाईला मात्र नवल वाटलं नाही.

"गेल्या साली जाताना त्यांच्याबी डोळ्यांतनं असंच येत व्हतं," ती म्हणाली. "तेबी कुणी लिहिलं न्हाई."